सोनकांबळेंची भट्टी

माझ्या जावयानं पुण्यात घरामागच्या मोकळ्या जागेत पिझ्झा भाजायची विटांची भट्टी बांधायला घेतली, आणि मी नको तिथं तोंड घातलं.

"दार उंच झालं हो," मी म्हणाले.

"आई, मोबाइलवर बघून बघूनच करतोय."

"करा की. पण घुमट आतून सोळा उंच असला तर दार दहा पाहिजे. बोटं मोजा नाहीतर विटा मोजा, हिशेब तोच. दार उंच झालं की ऊब पळून जाते, बुटकं झालं की धूर कोंडतो."

जावयानं हसत हसत टेप लावला, मग मोबाइल काढून काहीतरी बघितलं, आणि त्याचं हसणं थांबलं. "बरोबर आहे की! तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

"होता एक माणूस," मी म्हणाले आणि ताक घुसळायला आत गेले.

आत रवी हातात घेऊन उभी राहिले आणि मला माझीच अशी लाज वाटली म्हणून सांगू. चाळीस वर्षं होऊन गेली. सासूबाई गेल्या, आमचे हे गेले, ती गल्ली राहिली नाही. आता कुणाला भ्यायचं? तरी तोंडातून निघालं काय, तर 'होता एक माणूस'. माणसाला नाव होतं. किशनराव सोनकांबळे. ते घ्यायला माझी जीभ झिजणार होती का? म्हणून लिहायला बसले आहे. शाळा माझी दुसरीपर्यंत. पुढचं वाचन झालं ते ह्यांच्या कचेरीतून घरी येणाऱ्या रद्दीवर. तेव्हा चुकलंमाकलं असेल ते तुम्ही सांभाळून घ्या. जे मी चुकले ते मात्र सांभाळून घेऊ नका.

लातूर नुकता जिल्हा झाला होता. ह्यांची बदली नांदेडहून तिथं झाली. नवीन जिल्हा म्हणजे काय, तर अर्ध्या कचेऱ्यांना जागा नाही, आहे तिथं खुर्च्या नाहीत, आणि वरून दुष्काळ. आमचं गाव रेणापूरकडचं, शेतीचं घर. तिथली विहीर आटली म्हणून सासूबाईही आमच्याकडं येऊन राहिल्या. येताना देवणी गाय पाहुण्यांकडं बांधली आणि जुनी रिकामी कणगी मात्र बैलगाडीत घालून आणली. "कणगी सोडून कसं यावं बाई, तिच्यात चार पिढ्यांची जवारी राहिलीय," म्हणाल्या. तुरीच्या काड्यांची विणलेली, शेणानं सारवलेली, माणसाएवढी कणगी. भाड्याच्या घरात तिला जागा नव्हती, म्हणून मागच्या अंगणात आडाशेजारी उभी होती.

त्या आडाला पाणी होतं, ही आमची श्रीमंती. अख्ख्या गल्लीत दुसरीकडं कुठं थेंब नव्हता. सकाळी नऊपासून आमच्या मागच्या दारी घागरींची रांग लागायची.

सोनकांबळे म्हणजे ह्यांच्या नांदेडपासूनच्या ओळखीचे. बांधकामाच्या कचेरीत ट्रेसर होते. म्हणजे मोठा साहेब नकाशा काढणार आणि सोनकांबळे त्यावर पारदर्शक कागद ठेवून शाईनं रेघ न् रेघ उतरवणार. उंच, हाडकुळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानावर पेन्सिल, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. नव्या जिल्ह्याचे नकाशे त्यांच्याच हाताखालून गेले. सांगायचे, "वहिनी, मी हितं बसून रेघ वढून राहिलो आन् तिकडं माणसं ह्या जिल्ह्यातली त्या जिल्ह्यात चालली. त्यांना पत्ता बी न्हाई." मग स्वतःच हसायचे. हसताना तोंडावर हात धरायची सवय.

आणि ह्या माणसाला शौक होता भट्ट्या बांधायचा. कुणाला पत्त्यांचा असतो, कुणाला पानाचा. तरुणपणी नांदेडला एका बेकरीत राबून ते शिकले होते, तिथं चाँदभाई म्हणून त्यांचे उस्ताद. पुढं परीक्षा देऊन नोकरी लागली, पण हात शिवशिवायचे. जिथं बदली होईल तिथं कुणाच्या ना कुणाच्या परसात रविवारी रविवारी जाऊन एक भट्टी उभी करायची. पाव भाजा, नानकटाई भाजा, भरली वांगी ठेवा. मजुरी एक पैसा नाही.

एका रविवारी ह्यांच्याबरोबर चहाला आले आणि आमचं अंगण बघून त्यांचे डोळेच लकाकले. "जागा झक्कास हाय, वहिनी. वाऱ्याच्या आड हाय. बांधू का एक?"

"बांधा की साहेब," मी म्हणाले. मला हौस दांडगी. रोडगे गोवऱ्यात भाजायचे म्हटलं की माझे डोळे चुरचुरायचे.

इथं एक सांगायला पाहिजे. ह्यांच्या ओळखीचे जे जे घरी यायचे त्या सगळ्यांना मी भाऊजी म्हणायची. देशमुख भाऊजी, स्वामी भाऊजी, तांबोळी भाऊजीसुद्धा. एकट्या सोनकांबळेंना साहेब. तेव्हा मला वाटायचं, मी त्यांना किती मान देते! त्यांच्या चहाचा कप कोनाड्यात वेगळा असायचा, तो धुऊन ते स्वतःच कोनाड्यात ठेवायचे, आणि आम्ही तिघंही त्या वेळी दुसरीकडं बघत असू.

"मजुरी न्हाई घेत मी," त्या दिवशी ते म्हणाले, "पण माझी एक अट असती. पहिला पाव निघाला की अर्धा घरच्या मालकिणीचा, अर्धा माझा. भट्टीपुढं बसून, एका ताटात."

"एवढंच का?"

"एवढंच हाय. पर सगळ्यात म्हाग बी तेच हाय." मग त्यांनी सांगितलं. चाँदभाईंच्या बेकरीत नवी भट्टी पेटली तेव्हा पहिला पाव मोडून चाँदभाईंनी आपल्या ताटातला अर्धा सोनकांबळेंपुढं सारला. "घराबाहेरच्या माणसानं आपल्या ताटात बसवायची ती माझी पहिली येळ, वहिनी. मी पाव खाल्ला का रडलो तेच ध्यानात न्हाई. तवापासून ठरवलं, भट्टी बांधायची ती ह्याच बोलीवर." हे त्यांनी अगदी हलक्या आवाजात, बशीतला चहा फुंकत सांगितलं.

"हाव," मी म्हणाले. "कबूल."

किती सहज म्हणाले! चहाच्या वेळी, बाहेरचं कुणी बघत नसताना कबूल करायला काय लागतं?

पहिलं भांडण कणगीवरनं झालं. घुमट बांधायचा म्हणजे आत काहीतरी आधार लागतो. लोक ओल्या वाळूचा ढीग करतात. नदी कोरडी, वाळू हवी तेवढी होती, पण ती ओली करायला पाणी कुठलं घालवायचं? सोनकांबळेंची नजर कणगीवर गेली. तिचा तळाकडचा गोल भाग कापून उपडा घालायचा, त्यावर विटा रचायच्या, आणि पहिला जाळ केला की आतली कणगी जळून जाईल, घुमट मोकळा.

सासूबाई उसळल्या. "कणगी जळली म्हंजी घर जळलं! बाहेर काढ त्याला."

सोनकांबळे उठले. सायकल घेतली आणि गेले. मला वाटलं, संपलं. पुढच्या रविवारी आले ते कापडी पिशवीत पायलीभर ज्वारी घेऊन. दुष्काळात पायलीभर ज्वारी! त्यांचं गाव देवणीजवळचं, तिकडनं भावानं पाठवली होती. ती त्यांनी कणगीत ओतली आणि लांब उभे राहून हात जोडले. "आजी, तिला रित्या पोटी नगं पाठवायला. आजच्या दिवस जवारी राहू द्या तिच्यात. उद्या काढून घ्या, तुम्हालाच घ्या. मग ती सुखानं जाईल."

सासूबाईंनी कणगीवरनं हात फिरवला. मग म्हणाल्या, "न्हेऽ बाबा."

ती ज्वारी आम्ही खाल्ली. आमच्यात कोरडं चालायचं. धान्य, गूळ, कच्ची भाजी, सालीसकट फळ, हे कुणाच्याही हातचं. पाण्यानं भिजलं की मात्र हात कुणाचा ते बघायचं. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, लग्न होऊन घरात आले तेव्हा उंबरा कुठं आहे ते जसं पायाला कळलं तसं हे कळलं. सोनकांबळेंना ते आमच्याहून चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी ज्वारी आणली, भाकरी आणली नाही.

त्यांचं काम बघत बसणं म्हणजे मला नाटक होतं. घाई नाही. एक वीट उचलायची, टिचकी मारायची, कानाशी न्यायची. "ही बद बोलती," म्हणून बाजूला. फरशीच्या खाली फुटक्या बाटल्यांच्या काचा आणि खडेमीठ पसरलं. त्यानं म्हणे ऊब धरून राहते. मला कामाला लावलं, गल्लीत फिरून मी टोपलंभर फुटक्या बाटल्या गोळा केल्या आणि ह्यांनी कपाळाला हात लावला. "अव्वल कारकुनाची बायको बाटल्या मागत हिंडतीय दारोदार!" सोनकांबळे तोंडावर हात धरून इतके हसले की खोकला लागला.

खमीर ते डब्यात घालून आणायचे. शर्टाच्या आत, पोटाशी धरून, सायकलवर. नांदेडच्या बेकरीतलं मूळ खमीर, रोज पीठ घालून इतकी वर्षं जिवंत ठेवलेलं. "ही माझी गाय. कुठं गावाला जायचं म्हटलं की हिला कोण चारा घालणार ही चिंता. कौसाबाई म्हणती, माझ्यापरीस तुमचा हिच्यावर जीव." कौसाबाई म्हणजे त्यांच्या मंडळी. मी त्यांना तोपर्यंत बघितलं नव्हतं. बोलावलं नव्हतं म्हणून बघितलं नव्हतं, दुसरं काय.

आता पाण्याचं सांगते. चिखल कालवायला पाणी लागायचंच. सोनकांबळे दर रविवारी सायकलला दोन्हीकडं दोन डबे लटकवून आपल्या वस्तीतनं पाणी आणायचे. दोन मैल. अंघोळीचं, धुण्याचं वापरलेलं पाणी. आड पाच पावलांवर. मी ह्यांना कौतुकानं सांगितलं, "बघा, दुष्काळाची किती जाण आहे माणसाला! सांडपाण्यावर भट्टी बांधतायत." सासूबाई म्हणाल्या, "समजूतदार हाय." खरंच समजूतदार होते. आपला हात त्या आडाला लागून आमच्यावर, रांगेतल्या बायांवर आणि स्वतःवर अवघड वेळ येऊ नये म्हणून तो माणूस उन्हात दोन मैल पाणी वाहत होता, आणि मी त्याला दुष्काळाची जाण म्हणत होते. एकदाही माझ्या तोंडातून आलं नाही की साहेब, पोहरा टाका आणि घ्या. कधीतरी तहान लागली असेल हो त्यांना. मी वरून ओतायची, ते ओंजळीनं प्यायचे.

घुमट झाला. मग सात दिवस बारका बारका जाळ. "बाळंतिणीवाणी जपा. येकदम शेकलं की तडकंल." मी सकाळ-संध्याकाळ चार काटक्या घालायची. कणगी आत हळूहळू जळाली, तिचा धूर वेगळाच होता, जुन्या ज्वारीचा वास होता त्याला. सासूबाई तेवढा वेळ घरात जाऊन बसल्या.

मग तो रविवार आला. सोनकांबळे दिवस उगवायलाच आले. अंघोळ केलेली, परीटघडीचा शर्ट. आल्या आल्या आपल्या परातीत, घरनं आणलेल्या पिण्याच्या पाण्यात मैदा मळायला घेतला. तासभर मळत होते. मी शेजारी बसून बघत होते, आणि बोलत होते, माझं तोंड कधी बंद असतं? पीठ फुगायला ठेवलं, बाभळीचा जाळ घातला. निखारे बाजूला ओढले आणि आत हात घालून ऊब बघायला लागले. त्याचीही त्यांची रीत होती. हात आत आणि तोंडानं नव्या जिल्ह्याचे तालुके: "लातूऽर, औसाऽ, निलंगाऽ, उदगीऽर..." आणि झटकन हात बाहेर. "उदगीरला पोचलो. बराबर हाय. औश्यालाच हात भाजला तर भट्टी तापट, अहमदपूर गाठलं तर थंडी." मी पोट धरून हसले.

सासूबाई म्हणाल्या, "हसणं पुरे. बाया आल्यात पाण्याला."

नऊ वाजले होते. मागचं दार उघडलं आणि घागरी घेऊन गल्ली अंगणात आली. पुढं गिरजाबाई. गल्लीत कुणाच्या घरी काय शिजतं ते त्या घरच्या बाईच्या आधी गिरजाबाईंना कळायचं. त्याच वेळी सोनकांबळेंनी लांब दांड्याच्या फळीवर पहिले पाव बाहेर काढले. काय तो वास! सात-आठ बाया घागरी खाली ठेवून भोवती उभ्या राहिल्या.

सोनकांबळेंनी एक ताट आणलं होतं. स्वतःच्या घरचं, पितळेचं, लख्ख घासलेलं. त्यात पहिला पाव ठेवला. भट्टीपुढं पोतं अंथरलं, त्याच्या एका कडेला बसले, आणि माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं आणि थोडं सरकून जागा केली.

गिरजाबाई म्हणाल्या, "का वं, पीठ कुणी मळलं?"

आता ह्या गिरजाबाई. रोज सकाळी बेकरीतला टोस्ट चहात बुडवून खायच्या. ते पीठ कोण मळतं ते त्यांनी जन्मात विचारलं नव्हतं. पण तिथं मळणारा दिसत नाही ना. इथं समोर बसला होता.

आणि मी म्हणाले, "मीच की! दुसरं कोण मळणार?"

माझ्या बांगड्या कोरड्या होत्या, हाताला पिठाचा कण नव्हता. सोनकांबळेंच्या कोपरापर्यंत मैदा. कुणाला दिसत नव्हतं असं नाही. सगळ्यांना खोटंच पाहिजे होतं आणि ते मी दिलं.

"आन् भट्टी?"

"गावाकडनं गवंडी आणला होता."

सोनकांबळे पोत्यावरनं उठले. गुडघे झटकले. शर्टाच्या बाह्या अर्ध्याच होत्या, तरी त्या खाली ओढाव्यात तसा हात फिरवला. मग तोंड भरून हसले, ह्या वेळी तोंडावर हात न धरता, आणि बायांना म्हणाले, "वहिनीचा हात लई हलका हाय पिठाला. खाऊन तर बघा, बाई."

माझं खोटं त्यांनी उचलून धरलं. पडू दिलं नाही.

बायांनी पाव खाल्ले. गिरजाबाईंनी दोन खाल्ले. "अगं बया, कापसावाणी हाय!" मी वाटत सुटले, ह्या हातानं त्या हाताला. ताटातला पहिला पाव तसाच निवत होता. माझ्या मनात तेवढं टोचत होतं, म्हणून मी काय केलं? आत गेले, वर्तमानपत्रात चार पाव बांधले आणि त्यांच्या हातात नेऊन ठेवले. वरून, हात लागू न देता. "घरी न्या साहेब, लेकरांना."

अर्धा मागितला होता त्यांनी. मी चार दिले.

"लई झाले, वहिनी," म्हणाले. ताटातला तो पहिला पाव इतर पावांत ठेवून दिला, ताट पुसलं, पोतं झटकून घडी केलं आणि सायकलला लावलं.

आज मी सगळ्यात जास्त कशाची लाज वाटून घेते सांगू? खोटं बोलल्याची वाटतेच. पण त्या दिवशी मला कुणाचं भय होतं? ती अख्खी गल्ली माझ्या आडावर जगत होती. मी त्या पोत्यावर बसले असते, अर्धा पाव खाल्ला असता, तर गिरजाबाईंनी नाक मुरडलं असतं आणि दुसऱ्या दिवशी नऊ वाजता घागर घेऊन माझ्याच दारात उभ्या राहिल्या असत्या. पाणी माझ्या हातात होतं. त्या दिवसाएवढी मी आयुष्यात पुन्हा कधी मोठी नव्हते, आणि त्याच दिवशी मी भ्याले.

ह्यांना संध्याकाळी सांगितलं तर म्हणाले, "जाऊ दे. तो मनाला लावून घेणारा माणूस नाही." असं म्हणून आम्ही दोघंही जेवायला बसलो.

पुढच्या रविवारी सोनकांबळे आले. मला वाटलं नव्हतं येतील. पहिल्या जाळानंतर भट्टीला बाहेरून दुसरा लेप द्यावा लागतो, तो त्यांनी दिला. पाण्याचे डबे घेऊनच आले होते. "आता वीस वर्सं बघायचं काम न्हाई." चहा घेतला, कप धुतला, गेले. तालुके म्हटले नाहीत. मी खूप बोलत होते त्या दिवशी, लागोपाठ, कसलं कसलं. ते "हाव, हाव" म्हणत होते. वर्षभरात त्यांची बदली परत नांदेडला झाली.

भट्टी मात्र नावाजली. आमच्याकडची भट्टी म्हणून लोक बघायला यायचे. सासूबाई त्यात रोडगे भाजायच्या. दर वेळी कुणीतरी विचारायचं, कुणी बांधली, आणि एकदा गावाकडचा गवंडी म्हटल्यावर दुसऱ्यांदा दुसरं कसं म्हणणार? तो गवंडी आमच्या घरात इतका मुरला की सासूबाईंनी त्याला पुढं नावसुद्धा दिलं.

वीसएक वर्षांनी भाचीच्या लग्नाला नांदेडला गेले. हे तोवर गेले होते. ठरवूनच गेले होते की सोनकांबळेंना भेटायचं, त्या दिवसाचं बोलायचं. रिक्षात सगळा वेळ घोकत होते, भाऊजी म्हणायचं, भाऊजी म्हणायचं. दारात ते दिसले, डोक्याचे केस पांढरे झालेले, आणि मी म्हणाले, "ओळखलं का साहेब?"

"वहिनी! अगं कौसा, लातूरच्या वहिनी आल्यात!"

छोटं, सारवलेलं घर. मागं भट्टी होतीच, आणि दोन बाया तिच्यापुढं बसून नानकटाईचे गोळे वळत होत्या. सोनकांबळेंनी मला खुर्ची दिली, स्वतः खाटेवर बसले. "आपली भट्टी जिवंत हाय का?"

"घरमालकानं तिच्यात कोंबड्या ठेवल्यात."

ते तोंडावर हात धरून हसले. "ऊब हाय म्हणून बसत असतील अंड्यावर. बरं झालं."

मी सुरुवात केली, "साहेब, त्या दिवशी मी..."

"कौसा, पाव आण गं, ताजा निघालाय," ते म्हणाले. मुद्दाम मधे बोलले की नाही, मला माहीत नाही. कौसाबाईंनी ताट आणलं. एक पाव. माझ्यापुढं स्टुलावर ठेवला. आणि माझ्या तोंडातनं, देवाशप्पथ विचार न करता, निघालं, "अगंबाई, आज चतुर्थी आहे. मला उपवास."

खरंच होता हो उपवास. तरुणपणापासून मी संकष्टी करते. आयुष्यात त्या माणसाशी एक खरं बोलले आणि ते खोट्याहून वाईट ऐकू आलं.

"असू द्या, असू द्या," सोनकांबळे ताडकन उठले. "उपाशी कसं जाऊ देईन? केळी आणतो." पायात चपला घातल्या, पिशवी घेतली आणि भर उन्हात निघाले. मी खिडकीतनं बघत होते. पाठ वाकली होती. कोपऱ्यावर थांबून भिंतीला हात टेकवला, मग पुढं गेले. मला कळत होतं ते केळीच का आणायला निघालेत. साल असतं त्याला.

"द्या कौसाबाई तो पाव," मी म्हणाले. "मोडते उपवास."

कौसाबाई स्टुलाजवळ आल्या. त्यांनी ताट उचललं आणि मांडीवर धरलं. "न्हाई बाई. त्यांच्या माघारी नगा खाऊ. खायाचं आसंल तर ते आल्यावर, त्यांच्या म्होरं." मग म्हणाल्या, "त्या दिवशी चार पाव आणलं त्यांनी घरी. लेकरांनी खाल्लं. ह्यांनी हात लावला न्हाई. मी इचारलं, का वं? तर म्हणले, पोट भरलंय."

मी खाली बघत बसले. पायांखाली शेणानं सारवलेली जमीन होती, नुकती, बोटांच्या रेघा दिसत होत्या.

सोनकांबळे आले. घामानं निथळत, डझनभर केळी, एकही डाग नसलेली. कौसाबाईंच्या मांडीवरचं ताट बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्यांना समजलं. सगळं आधीपासून समजायचंच त्यांना.

"भाऊजी," मी म्हणाले, "मी खाते पाव. आपण दोघं खाऊ. अर्धा अर्धा."

त्यांनी ताट हातात घेतलं. क्षणभर मला वाटलं, मोडतील. पण त्यांनी पाव उचलून कौसाबाईंकडं दिला आणि रिकामं ताट स्टुलावर ठेवलं.

"उपास मोडू नगा, वहिनी. दुसऱ्यासाठी न्हाईच, पर माझ्यासाठी तर बिलकूल नगा मोडू," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "आता भूक बी ऱ्हाईली न्हाई तशी. केळं खाऊ, चला."

मला एक दिलं, स्वतः एक घेतलं. मी माझं सोललं, त्यांनी त्यांचं सोललं. दोघांनी खाल्लं. ते लग्नाचं विचारत होते, मी सांगत होते. किती माणसं होती, जेवायला काय होतं. मला बोलता येतं, ते एक बरं.

खाऊन झाल्यावर मी साल कुठं टाकू म्हणून बघायला लागले. "द्या हिकडं," म्हणून त्यांनी ते माझ्या हातातनं घेतलं, आपलं त्याच्यावर ठेवलं, त्या पितळेच्या ताटात. मग ताट घेऊन मागच्या दारानं बाहेर गेले. तिथं शेळी बांधलेली असावी; मला ती दिसली नाही, नुसता त्यांचा आवाज आला, तिला जवळ बोलावणारा.